त्याच त्या गल्ल्यांची नावं

मागच्या अंकात मी फिलाडेल्फियातल्या आमच्या इमर्जन्सीतली एक रात्र लिहिली होती. १६ वर्षांचा मुलगा, मांडीत गोळी. कपडे कापताना खिशातून बसचं विद्यार्थी कार्ड निघालं आणि त्याच्याबरोबर दम्याचा निळा पंप. तो लेख छापून आल्यावर या सदराला कधी आली नव्हती इतकी पत्रं आली. काही घाबरलेली, काही रागावलेली, आणि दोन-तीन अशी की वाचून मला रात्री झोप लागेना. म्हणून गुडघेदुखी, साखर, थायरॉइड ही नेहमीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलली आहेत. या वेळी फक्त हाच विषय.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी मिरजेत नर्सिंग शिकले, ७ वर्षं तिथेच वॉर्डात काढली आणि गेली १९ वर्षं इथे इमर्जन्सीत नर्स आहे. संशोधन माझं काम नाही. पण आकडे समोर नसले की या विषयावर माणसं अंदाजाने बोलायला लागतात, आणि ते अंदाज फार क्रूर असतात. म्हणून आकडे देते. रुग्णांबद्दल लिहिते तेव्हा ओळख पटेल असं सगळं बदललेलं असतं, हेही सांगून ठेवते.

प्रश्न : मुलाला फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. व्हिसाही झाला. आता 'अमेरिकेत मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक' असं वाचल्यापासून बायकोच्या डोळ्याला डोळा नाही. सिस्टर, पाठवावं का? (एक वडील, ठाणे)

दादा, पाठवा. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे वहिनींना पुढचं शांतपणे वाचून दाखवता येईल.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. २०२० साली इथे १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांमध्ये बंदुकीने रस्त्यावरच्या अपघातांना मागे टाकलं आणि ती पहिल्या नंबरवर आली. यात खून, आत्महत्या, अपघाताने सुटलेली गोळी हे सगळं धरलेलं आहे. नुसते खून बघायचे तर १८ वर्षांखालच्या मुलांमध्ये त्यांचं प्रमाण त्या एकाच वर्षात जवळजवळ २८ टक्क्यांनी वाढलं, लाखामागे २.२ वरून २.८ झालं. १९९९ ते २०२० या २२ वर्षांत या देशात ३८,३६२ मुलांचे खून झाले. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात एवढी वस्ती असते.

पण लाखामागे २.८ ही सरासरी झाली. ती फोडून बघितल्याशिवाय तिचा काही अर्थ लागत नाही. त्याच २०२० साली १० ते २४ वयाच्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं बंदुकीने खून होण्याचं प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या मुलग्यांच्या २१.६ पट होतं. दादा, मी डोस मोजणारी बाई आहे. औषध दुप्पट गेलं तर काय होतं ते मला माहीत आहे. २१ पट हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असेल म्हणून दुसरीकडे जाऊन ताडून बघितला. आपली मुलं इथे 'आशियाई' या रकान्यात मोजली जातात. त्या गटात मुलांच्या खुनांचं प्रमाण मुळातच कमी आहे, आणि त्या २२ वर्षांत ते आणखी घटत गेलं.

तर तुमच्या मुलाने काय करायचं? घर घेताना वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून घ्यावं, रात्री उशीर झाला तर विद्यापीठाची बस घ्यावी, कानात काहीतरी घालून अंधारात चालू नये. ठाण्यात लेकीला जे सांगाल तेच. एक गोष्ट मात्र त्याला इथे पोचल्यावर बघायला सांगा. तो युनिव्हर्सिटी सिटी म्हणून ज्या भागात राहणार आहे म्हणता, तिथे पूर्वी 'ब्लॅक बॉटम' नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. १९६० च्या दशकात विकासाच्या नावाखाली ती पाडली आणि हजारो माणसं उठवली. तिथल्या म्हाताऱ्या बायका अजून त्या गल्ल्यांची नावं घेतात. माझ्या एका रुग्ण आजींनी तर हातावर बोटाने नकाशा काढून दाखवला होता, इथे चर्च, इथे आमचं घर, इथे न्हावी. आपण कुणाच्या जागेवर राहतो आहोत हे पोराला ठाऊक असलेलं बरं.

प्रश्न : आम्ही २४ वर्षं न्यू जर्सीत आहोत. तुमचा लेख मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरला. बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की हे त्या लोकांच्या संस्कृतीतच आहे, बाप घरात नसतो, पोरं शाळेत जात नाहीत, त्याला कोण काय करणार. मला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. तुम्ही रोज बघता. तुम्हाला काय वाटतं? (एक वाचक, एडिसन)

ताई, या पत्रावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. कारण पहिली दोन वर्षं मीही तेच बोलत होते. रात्रपाळी संपवून घरी यायचे आणि आईला फोनवर सांगायचे, 'इथली ही माणसं अशीच आहेत गं.' आज ते आठवलं की लाज वाटते.

माझं मत बदललं ते ट्रायाजच्या, म्हणजे आलेल्या रुग्णांत कुणाला किती घाई आहे ते आधी ठरवायच्या, खुर्चीत बसून. तिथे आलेल्या प्रत्येकाचा पत्ता पडद्यावर असतो. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या की इथे दम्याची लाट येते, दरवर्षी. नेब्युलायझर कमी पडतात. छातीत सूं सूं वाजणारी ५-६ वर्षांची पोरं आईच्या कडेवर असतात आणि पत्ता असतो नॉर्थ फिलाडेल्फिया, केन्सिंग्टन, स्ट्रॉबेरी मॅन्शन. रक्तात शिसं सापडलेली पोरं येतात. जुन्या घरांच्या भिंतींचा शिशाचा रंग पोपडे होऊन गळतो, रांगती बाळं तो तोंडात घालतात. तो रंग १९७८ साली बंद झाला, पण घरं त्याच्या आधीची. पत्ते पुन्हा तेच. आणि रात्री गोळी लागून येतात त्या मुलांचे पत्ते? त्याच त्या गल्ल्यांची नावं. हळूहळू मला रस्त्याचं नाव वाचूनच कळायला लागलं की काय आलं असेल. त्या १६ वर्षांच्या मुलाच्या खिशात पंप निघाला त्याचं मला नवल वाटलं नाही. वाईट वाटलं ते यासाठी की नवल वाटलं नाही.

आता मला सांगा, दमा कुणाच्या संस्कृतीत असतो का? शिसं असतं का? तीन वेगळी दुखणी एकाच गल्लीतून येत असतील, तर आधी गल्ली बघायला नको?

ती गल्ली तशी कशी झाली याची कागदपत्रं आहेत. १९३३ साली सरकारने घरकर्जांसाठी एक महामंडळ काढलं. त्याने मोठ्या शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा भाग उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. एखाद्या भागात कृष्णवर्णीय राहतात, एवढं कारणसुद्धा लाल रंगाला पुरायचं. अशा भागात कर्ज मिळणं मुश्कील. म्हणजे घर घेता येत नाही, असलेलं दुरुस्त करता येत नाही, विकायला काढलं तर किंमत येत नाही. इथे शाळांचा बराचसा पैसा स्थानिक घरपट्टीतून येतो. घरांना किंमत नाही म्हणजे शाळेला पैसा नाही. हे इतकं उघड आहे की २०२३ च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनियातल्या न्यायालयाने शाळांना पैसा देण्याची ही राज्याची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. मग कारखाने बंद पडले आणि ज्यांना जमलं ते निघून गेले. मागे राहिली बंद घरं आणि घरं पाडून मोकळे झालेले भूखंड. फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी तो १९३७ चा नकाशा आणि आजच्या गोळीबारांचा नकाशा एकमेकांवर ठेवून बघितला. जुन्या लाल भागात आजही गोळीबार जास्त आहे. ज्यांनी तो रंग फासला ते केव्हाच वारले. त्यांच्या रंगात आजची पोरं मरताहेत.

बापाचं म्हणाल तर, बाप असतात. गटातल्या मंडळींना हे नक्की सांगा. मागच्या लेखातल्या त्या १६ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी गाडीतून आणलं होतं. या शहरात गोळी लागलेल्याला रुग्णवाहिकेची वाट न बघता पोलीस आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर घालून आणतात. 'स्कूप' म्हणतात त्याला. मागून १० मिनिटांत त्याचा बाप आला, शहर बसच्या ड्रायव्हरच्या गणवेशात, शिफ्ट अर्धवट टाकून. बाहेरच्या खुर्चीत डबा मांडीवर घेऊन बसला. पहाटे ४ ला मी त्याला पाणी दिलं तेव्हा त्याने डबा माझ्यासमोर धरला. म्हणाला, 'तुम्ही काही खाल्लेलं दिसत नाही.'

आणि ताई, आपल्याला हे न कळण्यासारखं काही नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी आख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पुढे आपल्याकडचे पारधी त्यात आले, कैकाडी आले. सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसं ठेवली, त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. कायदा १९५२ साली गेला. मी मिरजेत असताना एका पारधी बाईचं पोर भाजून आलं होतं. ती त्याच्या उशाशी तीन दिवस बसून होती. वॉर्डात कुणाची तरी पर्स हरवली आणि सगळ्यांच्या आधी तिची पिशवी उपसली गेली. एक लुगडं, स्टीलचा पेला, बिस्किटाचा पुडा, बाळाचं काळ्या मण्यांचं मनगटी. सगळं फरशीवर मांडलं. पर्स दुसऱ्या दिवशी चादरींच्या कपाटात सापडली. तिची माफी कुणी मागितली नाही. मी तिथेच उभी होते, मीही मागितली नाही. 'त्यांच्या संस्कृतीतच आहे' हे वाक्य मी पहिल्यांदा त्या वॉर्डात ऐकलं. म्हणून इथे ते ऐकलं की मला ओळखू येतं.

प्रश्न : मी ऑक्टोबरात मुलीच्या बाळंतपणासाठी पेनसिल्व्हेनियात येते आहे. तुम्ही ओझरतं लिहिलं होतंत की खून होण्याची सगळ्यांत जास्त जोखीम मोठ्या मुलांना नाही, नुकत्याच जन्मलेल्या बाळाला असते. हे वाचून पोटात गोळाच आला. म्हणजे नेमकं काय? (एक आजी होऊ घातलेल्या, पुणे)

काकू, घाबरवायचं नव्हतं, पण लिहिलं ते खरं आहे. मुलांच्या खुनांचा वयाप्रमाणे आलेख काढला तर दोन टेकड्या दिसतात. दुसरी १५ वर्षांपासून पुढची, रस्त्यावरची, बंदुकीची, बहुतेक मुलग्यांची. तिच्याबद्दल सगळे बोलतात. पहिली टेकडी पहिल्या वर्षाची. ती घराच्या आत असते आणि तिच्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. मूल लहान असताना मारणारा सहसा परका नसतो, बहुतेक वेळा सांभाळणारं माणूसच असतं. मुलगा-मुलगी हा फरकही तिथे फारसा नसतो.

आणि पहिल्या वर्षातही सगळ्यांत धोक्याचा दिवस जन्माचा. २००८ ते २०१७ या वर्षांचा हिशेब सांगतो की जन्मलेल्या दिवशी खून होण्याचं प्रमाण आयुष्यातल्या दुसऱ्या कुठल्याही काळाच्या निदान ५.४ पट होतं. ही बाळं बहुधा गुपचूप, दवाखान्याबाहेर जन्मलेली. आई कोवळी, घाबरलेली, कुणाला सांगायची चोरी. यावर उपाय निघाला तो साधा आहे. १९९९ साली टेक्सासने कायदा केला की आई आपलं बाळ दवाखान्यात आणून सोपवू शकते, तिच्यावर खटला भरायचा नाही. २००८ पर्यंत सगळ्या ५० राज्यांनी असे कायदे केले. पेनसिल्व्हेनियात २८ दिवसांपर्यंतचं बाळ दवाखान्यात किंवा पोलीस ठाण्यात सोपवता येतं. १९८९ ते १९९८ च्या मानाने २००८ ते २०१७ मध्ये जन्मदिवशीच्या खुनांचं प्रमाण दोन तृतीयांशाने कमी झालं. सगळं श्रेय कायद्याचं असेल असं नाही, पण मला तो कायदा फार मोलाचा वाटतो.

काकू, तुम्ही पुण्याच्या. हे तुमच्याच गावात १८६३ साली सुरू झालं होतं. काशीबाई नावाच्या एका विधवेने बाळ मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तेव्हा जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि सांगून टाकलं की इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तिथे जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. इथल्या प्रशिक्षणात तो कायदा शिकवत होते तेव्हा मी हात वर करून हे सांगितलं. शिकवणाऱ्या बाईंनी मला फळ्यावर सावित्रीबाईंचं नाव लिहायला लावलं.

आता तुमच्या घरापुरतं. बाळ साधारण दीड-दोन महिन्यांचं असताना सगळ्यांत जास्त रडतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी तास-दोन तास रडतं. कोणाचं काही चुकलेलं नसतं, हळूहळू ते कमी होतं. याच काळात थकलेलं माणूस बाळाला गदागदा हलवतं आणि मेंदूत रक्तस्राव होतो. आमच्याकडे आलेली अशी बाळं मला वर्षांनंतरही तारखेसकट आठवतात. हे करणारं माणूस पुष्कळदा पुरुष असतं, एकट्याने बाळ सांभाळत असलेलं. म्हणून हे लेकीइतकंच जावयाला सांगा, समोर बसवून सांगा: हाताबाहेर जातंय असं वाटलं तर बाळाला पाळण्यात पाठीवर निजवायचं, दार ओढून घ्यायचं, १० मिनिटं बाहेर जाऊन बसायचं. रडून बाळाला काही होत नाही. आणि तुम्ही आहात तोवर रात्रीचा एक पहर बाळ तुमच्याकडे घ्या. ज्या घरात आजी नसते, आत्या नसते, दोघंही दोन-दोन नोकऱ्या करतात आणि पाळणाघराला पैसे नाहीत, त्या घरात ही १० मिनिटं देणारं कुणी नसतं. तान्ह्या बाळांच्या आकड्यातही गरिबी दिसते ती अशी.

प्रश्न : तुमच्या सगळ्या लेखात मुलगेच आहेत. माझी मुलगी १६ वर्षांची आहे. मुलींचं काय? (एक आई, डेलावेअर)

मुली संख्येने कमी, पण त्यांची वाट वेगळी. ११ ते १८ वयाच्या मुलांच्या खुनांचा २००३ ते २०१६ असा एक मोठा अभ्यास झाला. त्यात सुमारे ७ टक्के खून प्रियकराने किंवा माजी प्रियकराने केलेले होते, आणि त्यात मेलेल्यांपैकी ९० टक्के मुली. नातं तोडल्यावर, किंवा 'माझ्याशिवाय दुसऱ्याशी बोललीस' म्हणून. तेव्हा फोन तपासणारा, ठावठिकाणा विचारत राहणारा, भांडण झालं की मरायची धमकी देणारा मुलगा असेल तर ते 'किती प्रेम करतो' म्हणून हसण्यावारी नेऊ नका. मुलीला एवढंच कळू द्या की प्रकरण घरी सांगितलं तर आधी तिला मदत मिळेल, बोलणी नंतर. आपल्याकडे बोलणी आधी मिळतात, म्हणून मुली सांगत नाहीत. आणि ती ज्या घरी राहायला जाते तिथे बंदूक आहे का, कुलपात आहे का, हे सरळ विचारा. मी विचारते. एकाही आईला अजून राग आलेला नाही.

प्रश्न : मी कोल्हापुरात समाजकार्याचं शिक्षण घेतो आहे. एवढं सगळं वाचून हात टेकावेसे वाटतात. काही उपयोगी पडतं का? (एक विद्यार्थी)

पडतं बाळा. अभ्यासाला घ्यावं असं पुष्कळ आहे.

मघाशी मोकळ्या भूखंडांचं लिहिलं. आमच्या बसच्या रस्त्यावर असा एक होता. कमरेइतकं गवत, फुटक्या बाटल्या, जुनी गादी, टायर. अशा ठिकाणी बंदुका लपवून ठेवायला सोय होते, आणि आजूबाजूच्या बायका-पोरं तिकडून फिरकत नाहीत म्हणून ते बंदुका बाळगणाऱ्यांचंच राज्य होतं. इथल्या संशोधकांनी शहरातले असे ५४१ भूखंड घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काही साफ केले, काही तसेच ठेवले. औषधाची चाचणी करतात तशी चाचणी. साफ करणं म्हणजे कचरा उचलायचा, जमीन सारखी करायची, गवत पेरायचं, चार झाडं लावायची आणि गुडघ्याच्या वर येईल असं लाकडी कुंपण घालायचं, आत जायला वाट ठेवून. एका भूखंडाला साधारण १,६०० डॉलर. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत त्यांच्या आसपासचा बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी कमी झाला. आमच्या रस्त्यावरच्या त्या तुकड्यावर आता उन्हाळ्यात खुर्च्या टाकून म्हातारे पत्ते खेळतात. बस तिथे थांबली की मी खिडकीतून त्यांचा डाव बघते.

शिकागोत १३ शाळांमधल्या, सगळ्यांत हिंसक भागांतल्या, १,६३४ मुलांना घेऊन असाच प्रयोग झाला. काहींना उन्हाळ्यात ८ आठवडे नोकरी दिली, किमान वेतनावर. पुढच्या १६ महिन्यांत त्या मुलांना हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी होत्या. आठ आठवड्यांची नोकरी! तेव्हा 'रक्तातच आहे' म्हणणाऱ्यांना विचार, रक्तातलं असतं तर ते आठ आठवड्यांच्या पगाराने उतरलं असतं का?

एक चीड आणणारी गोष्टही माहीत असू दे. १९९६ साली इथल्या संसदेत डिकी नावाच्या सदस्याची एक तरतूद मंजूर झाली. सरकारी आरोग्यसंस्थेचा पैसा बंदूक-नियंत्रणाच्या प्रचाराला वापरायचा नाही, असे तिचे शब्द. त्याच सुमाराला बंदुकीवरच्या संशोधनाचे २६ लाख डॉलर काढून घेतले. संस्था इतकी घाबरली की हा विषयच सोडून दिला. पैसा परत मिळाला तो २०१९ च्या डिसेंबरात, २ कोटी ५० लाख डॉलर. मधली २० पेक्षा जास्त वर्षं अशी गेली की गाडीचे पट्टे, दिव्याचे खांब, रस्त्यांची वळणं यांवर संशोधन करून अपघात कमी केले, आणि गोळीबाराकडे बघायचंच नाही.

आणि आकडे खाली येतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, खेळाची मैदानं, ग्रंथालयं, उन्हाळी नोकऱ्या सगळं ठप्प झालं आणि बंदुकांची विक्री विक्रमी झाली. २०२१ साली या शहरात ५६२ खून झाले, शहराच्या इतिहासात सगळ्यांत जास्त. त्या उन्हाळ्यात आम्ही रात्री एकमेकींशी बोलायचंही सोडलं होतं. २०२३ ला ४१०. २०२४ ला २६९. आता कधीकधी सबंध शिफ्ट जाते आणि ट्रॉमाची, म्हणजे गंभीर जखमी येतोय हे सांगणारी, घंटा वाजत नाही. पत्ते मात्र बदललेले नाहीत. कमी झाले तरी येतात ते त्याच गल्ल्यांतून, म्हणून काम संपलं असं मला वाटत नाही.

तू कोल्हापुरात आहेस. दवाखान्यात मारामारीतून जखमी होऊन येणाऱ्या तरुण पोरांचे पत्ते एकदा वहीत लिहून काढ, नावं नकोत, फक्त वस्ती. दोन महिने लिही. मग मला पत्र पाठव.

प्रश्न : त्या मुलाचं पुढे काय झालं? (११ पत्रांत हाच प्रश्न)

वाचला. गोळी हाडाला न लागता आरपार गेली होती. तिसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन घरी गेला. आमच्याकडे एक दादा आहेत, स्वतः तरुणपणी गोळी खाल्लेले. अशा मुलांना ते खाटेपाशी जाऊन भेटतात आणि पुढे महिनोन्महिने त्यांच्या मागे राहतात, शाळेशी बोलतात, बदला घ्यायच्या गोष्टी निघाल्या तर रात्री-बेरात्री घरी जाऊन बसतात. ते त्याला दोनदा भेटून गेले होते.

निघताना त्याने पंप मागितला. तो मिळण्यासारखा नव्हता. गोळीबारात कापलेले कपडे आम्ही कागदी पिशवीत घालून पोलिसांना पुरावा म्हणून देतो, गोळीचं भोक सोडून बाजूने कापतो, आणि पंप त्याच पिशवीत गेला होता. मी नवा लिहून घेतला, फार्मसीतून आणला आणि म्हटलं, घेऊन दाखव. त्याने मान खाली घालून फस्स केलं आणि लगेच श्वास सोडून दिला. ९ वर्षं पंप वापरतोय, पण औषध छातीत कधी नीट गेलंच नव्हतं. मग बाप, तो आणि मी तिघं खाटेवर बसलो. मी प्लास्टिकचं नळकांडं जोडून दिलं, श्वास हळू आत, आता १० पर्यंत धरून ठेव. बाप बोटांवर मोजत होता. तिसऱ्या खेपेला जमलं.